पाच रुपयांचा परवाना कुणी काढला आहे का?

सातबारा (धागाकर्ता)

आपल्या राज्यात दारूबंदी आहे. थट्टा करत नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे, फक्त मधल्या काळात नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं. या कायद्याचा पायाच असा आहे की दारू गाळणं, बाळगणं, नेणं, विकणं, पिणं हे सगळं मुळात मना. परवाना असेल तर तेवढ्यापुरती सूट. म्हणजे बारमध्ये बसून बिअर मागवणाऱ्याच्या खिशात परवाना नसेल, तर कागदोपत्री तो गुन्हा करतोय.

परवाना महाग म्हणावा तर तसंही नाही. वर्षानुवर्षं तेच दर चालत आले: एका दिवसाचा पाच रुपये, देशीचा दोन रुपये, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. आता ऑनलाइनही मिळतो. त्याच्या नमुन्यात आपल्याला प्रकृती राखण्यासाठी मद्य हवं आहे, अशा अर्थाचा मजकूर असतो. शनिवारी रात्री अकरा वाजता चकली आणि चखण्यासोबत प्रकृती राखणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, परवाना काढलेला एकही नाही.

माझं मत सरळ आहे: हा पिणाऱ्याचा परवाना रद्द करावा. दारू स्वस्त किंवा मोकाट व्हावी म्हणून हे म्हणत नाही. ज्या कायद्यानुसार जवळजवळ प्रत्येक पिणारा दोषी ठरतो, त्यात दोष कुणाचा हा प्रश्नच उरत नाही. आज कुणाला धरायचं, एवढंच उरतं, आणि ते नाक्यावर उभा असलेला माणूस ठरवतो. थर्टी फर्स्टच्या आसपासची वर्तमानपत्रं काढून बघा. 'ढाब्यावर छापा, मालकासह अमुक जणांवर कलम ६८ व ८४ प्रमाणे कारवाई.' ढाब्यावर धरलेले ते लोक मुख्य रस्त्यावरच्या बारमध्ये बसले असते तर त्यांना कुणी हटकलं नसतं, आणि परवाना तर तिथेही कुणाकडे नव्हता.

थोडा इतिहास, कारण तो कळल्याशिवाय हा घोळ कळत नाही. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना हा कायदा झाला. १९६० मध्ये राज्य दुभंगलं, गुजरातने बंदी ठेवली. आपल्याकडे वसंतराव नाईकांच्या काळात ती सैल होत गेली. पण कायदा रद्द करायला कुणी धजावलं नाही. तो तसाच ठेवून नियमांतून वाटा काढल्या. गांधींचं नावही राहिलं आणि महसूलही सुरू झाला.

तुम्हाला काय वाटतं? आणि खरंच कुणाकडे परवाना असेल तर सांगा.

ढगफुटी

माझ्याकडे आहे, आजन्म. हजार रुपये मोजून काढला आणि पाकिटात ठेवतो. आजवर कुणीही विचारला नाही, हेच दुःख आहे. एकदा मीच वेटरला दाखवला, तर तो म्हणाला, 'साहेब, डिस्काउंट फक्त बुधवारी.'

काउंटरमागचा

बारा वर्षं परमिट रूममध्ये काढली, आधी वेटर, मग मॅनेजर. आता हे काम सोडलंय म्हणून लिहितो.

एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं दुकानाने आधीच विकत घेऊन ठेवायची असतात. विक्री एवढी आणि परवाने तेवढेच का, हे तपासणीत विचारलं जातं. गिऱ्हाईकाला विचारून नाव लिहायचं म्हटलं तर पहिल्याच टेबलावर भांडण होईल. 'माझं नाव कशाला पाहिजे तुला?' मग रात्री शटर अर्धं ओढलं की कुणीतरी पुस्तक घेऊन बसतो आणि नावं भरतो. नावं कुठून येतात हे विचारू नका. एका मॅनेजरने शाळेतल्या हजेरीपटाच्या क्रमाने भरलेली पाहिली आहेत, अ पासून ज्ञ पर्यंत. तपासणीला येणाऱ्यालाही हे माहीत असतं. त्याला कागद पुरा पाहिजे असतो, खरा नाही.

सरकारला त्यातून पैसे मिळतात, मालकाला ताप होतो, पिणाऱ्याला पत्ता नसतो. सातबारांशी सहमत.

कोर्टाची पायरी

तालुक्याला वकिली करतो. दारूबंदीच्या केसेस आमच्या कोर्टाची रोजची भाजीभाकरी आहेत, तेव्हा दोन गोष्टी सांगतो.

या कायद्याला आव्हान अगदी सुरुवातीलाच दिलं गेलं. एफ. एन. बलसारा नावाच्या नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला, की मला व्हिस्की, ब्रँडी, बिअर, औषधी वाइन, ओ-द-कोलोन बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क आहे. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली, पण बाकी कायद्याचा मोठा भाग कायम ठेवला. 'पिण्याचा हक्क' म्हणून जे मागितलं जातं, ते तिथेच संपलं.

लगेच पुढचा पेच उभा राहिला. औषधात मद्यार्क चालतो, तर तोंडाचा वास औषधाचा की दारूचा? पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य हा खटला यावरच आहे. आरोपी कोण, तर मुंबईचे प्रभारी आरटीओ. जीपने माणसं उडवली, तोंडाला वास आला. बचाव असा, की मी बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९५४-५५ मध्ये घोळून घोळून विचार केला आणि शेवटी त्यांची शिक्षा रद्द झाली. मग कायद्यातच दुरुस्ती झाली: रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त मद्यार्क सापडला, तर तो औषधाचा होता हे आरोपीने सिद्ध करायचं.

आता आमच्या कोर्टात कोण येतं ते ऐका. बहुतेक केसेस कलम ६५ (ई) च्या, म्हणजे बाळगणं आणि विकणं. आरोपी कोण? पत्र्याच्या शेडमागे प्लास्टिकच्या कॅनमध्ये हातभट्टी विकणारी बाई, पिशवीत देशीच्या बाटल्या घेऊन गावाकडे निघालेला पोरगा. पंच नेहमीचेच, जबाब एकाच साच्यातला, मुद्देमाल जागेवर नष्ट. बरेच जण गुन्हा कबूल करून दंड भरतात, कारण तारखांना येण्यात मजुरी बुडते. पुढच्या वर्षी तीच बाई पुन्हा हजर. शहरातल्या बारमध्ये विनापरवाना पिणारा माणूस मी इतक्या वर्षांत आरोपीच्या पिंजऱ्यात पाहिलेला नाही.

म्हणून सातबारा साहेब, सगळेच गुन्हेगार ठरतात हे तुमचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. ठरतात सगळे, पण धरली जातात विशिष्ट माणसं.

इरई काठ

चंद्रपूर जिल्ह्यात बचत गटांचं काम करते. वरच्या सगळ्या चर्चेत पिणाऱ्याची अडचण आणि बारवाल्याचा ताप आला. घरी वाट बघणारी बाई अजून कुठे आली नाही, म्हणून लिहिते.

आमच्या जिल्ह्यातल्या बाया दारूबंदीसाठी किती वर्षं रस्त्यावर होत्या, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना ठाऊक नसेल. २०१० मध्ये श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामींबरोबर चिमूरपासून नागपूरपर्यंत, विधानभवनावर, पायी मोर्चा गेला होता. देवतळे समिती बसली, शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव दिले, आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात पूर्ण बंदी झाली, म्हणजे परवान्याची दुकानंही बंद. सहा वर्षं राहिली. मग बंदीचा आढावा घ्यायला रमानाथ झा समिती आली, मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बंदी उठवली आणि जुलैत दुकानं उघडली. कारण दिलं, अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, पोरं तस्करीत गेली.

अवैध दारू वाढली होती, हे मी नाकारत नाही. यवतमाळकडून यायची, तेलंगणातून यायची. शाळेतली पोरं दुचाकीवरून पोहोचवायची आणि दिवसाला बापापेक्षा जास्त कमवायची. बनावटही यायची. हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या सहा वर्षांत एक गोष्ट होती. गावातल्या बाईने पोलिसांना फोन केला की यावं लागायचं, कारण विकणं गुन्हा होता. आता फोन केला तर विचारतात, 'दुकान लायसनचं आहे ना? मग आम्ही काय करू?' एक आजी मला म्हणाली, 'बाई, पहिले चोरून पेत होता, तं निदान दबून होता. आता सरकारच्या पाटीखाली बसून पेते.'

बंदी फसली असं सगळे म्हणतात. मी म्हणते, ती राबवायला माणसंच दिली नाहीत. उत्पादन शुल्क खात्याकडे जिल्ह्यासाठी मनुष्यबळ किती, गाड्या किती, हे विचारून बघा. ज्या खात्याचं वर्षाचं उद्दिष्ट महसुलाचं असतं, त्यालाच बंदी राबवायला सांगायची आणि मग बंदी फसली म्हणायचं.

तेव्हा परवान्याचा देखावा नको, ठीक आहे. पण देखावा काढताना कायदाच ढिला करत जाल, तर आमच्या हातात उरलेलं एकमेव हत्यारही जाईल.

सातबारा

इरईताई, तुमच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. माझी मागणी विकणाऱ्यावरची बंधनं काढा अशी नाही. पिणाऱ्याचा पाच रुपयांचा कागद काढून टाका एवढीच आहे. दुकान कुठे असावं, किती वाजेपर्यंत चालावं, गावाने नको म्हटल्यावर बंद व्हावं की नाही, ही बंधनं उलट कडक व्हावीत.

माजी लेखनिक

शासकीय सेवेत होतो, खातं सांगत नाही. काही गोष्टी आतून पाहिल्या आहेत.

कायदा रद्द का होत नाही, याचं उत्तर भावनेत नाही, कागदात आहे. एक म्हणजे राज्यघटनेचं कलम ४७. मादक पेयांवर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असं त्यात लिहिलंय. दुसरं कारण जास्त व्यवहाराचं. सगळं मना आणि परवाना ही सूट, ही रचना सरकारला फार सोयीची आहे. दारूचा धंदा करणं हा मूलभूत हक्क नाही, असं न्यायालयांनी वारंवार म्हटलंय. त्यामुळे फी किती, अटी कोणत्या, परवाना कुणाला, यात सरकारचा हात मोकळा राहतो. कायदा काढला तर हा हात आखडेल. कुठला वित्त विभाग ते होऊ देईल?

आता उत्पादन शुल्क खातंच बघा. पूर्वी ते 'दारूबंदी व उत्पादन शुल्क' होतं. आता पाटीवर फक्त उत्पादन शुल्क. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, देशीचं प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये केलं आणि धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकारच जन्माला घातला. १८० मिलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, या नव्या प्रकाराला १४८, विदेशीला २०५. यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा येतील असा अंदाज मांडला. दारूबंदी कायद्याखाली नवा मद्यप्रकार! आम्ही टिपणी लिहायचो तेव्हा विषयाच्या ओळीतच असा विरोधाभास आला असता, तर साहेबांनी फाइल परत फेकली असती.

दुकानांचंही तसंच. १९७० च्या दशकापासून वाइन शॉपचे नवे परवाने बंद आहेत. कानाला चांगलं वाटतं. प्रत्यक्षात काय झालं? जुन्या परवान्यांना सोन्याचा भाव आला. ते हस्तांतरित होतात, एका गावातून दुसऱ्या गावात स्थलांतरित होतात. ज्या वस्तीत काल दुकान नव्हतं तिथे आज उघडतं, आणि उत्तर मिळतं, 'हा नवा परवाना नाही, स्थलांतर आहे.'

खोडरबर

स्थलांतराचा अनुभव आमच्या सोसायटीने घेतलाय. खालच्या गाळ्यात एक दिवस पाटी लागली. बिल्डरने गाळा विकला होता, आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. नंतर मार्च २०२५ मध्ये विधानसभेत घोषणा झाली, की सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात दारूचं दुकान उघडायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. आमचं दुकान आधीच उघडलेलं. आता काय करायचं?

कोर्टाची पायरी

आधीपासून चालू असलेल्या दुकानासाठी वॉर्डातलं मतदान हाच मुख्य मार्ग. पुढे सविस्तर लिहितो, जरा कोर्टातून येऊ द्या.

तिलारी

आम्ही गोव्याच्या सीमेवर राहतो. नदीच्या पलीकडे गावठी वाइन शॉप, अलीकडे दारूबंदी कायदा. पलीकडे बाटली खुशाल घ्या, पुलावरून पाच मिनिटं चालत या, की तुम्ही तस्कर. बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं लिहिलेलं असतं.

महसूल बुडतो म्हणून पकडतात, ते समजू शकतो. पण पकडलं कोण जातं? गाड्या भरभरून आतल्या रस्त्यांनी कोल्हापूरकडे जातात, ते आमच्या गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. नाक्यावर अडकतो तो सहलीहून परतणारा कारवाला आणि कामावरून येणारा गडी. मालवाहू ट्रक पकडल्याच्या बातम्याही येतात, नाही असं नाही. आकडा मोठा असतो, फोटो छान असतो. ट्रक कुणाचा होता, ते बातमीत क्वचितच येतं. ड्रायव्हरचं नाव येतं.

नवा सदस्य

दारू महाग केली की लोक कमी पितात हे सिद्ध झालंय. सरकारने कर वाढवला तर त्यात वाईट काय? उगाच सरकारला शिव्या.

माजी लेखनिक

कर वाढवण्याला माझा विरोध नाही. पण महाग केल्यावर खालच्या टोकाला काय होतं तेही बघायला हवं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली गावठी पिऊन शंभरावर माणसं मेली. तिथे चंद्रपूरसारखी बंदी नव्हती. सरकारमान्य देशी जवळच मिळत होती, फक्त तिच्यापेक्षा स्वस्त काहीतरी हवं होतं. कर वाढवायचा असेल तर औद्योगिक मिथेनॉलच्या टँकरवर तेवढीच नजर ठेवायला हवी.

रानवेल

गडचिरोली. आमच्याकडे १९९३ पासून बंदी आहे, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. इथल्या बंदीमागे लोकांची चळवळ होती, म्हणून अजून टिकून आहे. डॉ. अभय बंग आणि 'मुक्तिपथ' हे व्यसनविरोधी अभियान यांचं काम गावोगाव चालतं. पण मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे.

या १९४९ च्या कायद्यात मोहफुलंही आहेत. झाडावरून पडलेलं फूल! आमच्या बाया पहाटे उठून वेचतात, वाळवतात, खातात, विकतात. मोहाची भाकर होते, लाडू होतात, दारूही होते. फूल साठवलं की दारूसाठीच साठवलं असं कायदा गृहीत धरायचा. व्यापारी अर्ध्या भावात न्यायचा, कारण बाईला माहीत असायचं, की घरात जास्त ठेवलं तर गार्ड येईल किंवा पोलीस येतील. २०२१ मध्ये शासनाने मोहफुलं गोळा करण्यावरचं, साठवण्यावरचं आणि नेण्यावरचं बंधन काढलं. सत्तर वर्षांनी. त्याच सत्तर वर्षांत मळीपासून दारू करणारे कारखाने कुणाचे झाले, कुठल्या जिल्ह्यात झाले, ते तुम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांनी सांगावं.

आणि एक. पेसा क्षेत्रात, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागात, ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार १९९६ च्या केंद्राच्या कायद्यानेच दिलाय, राज्याचे नियम २०१४ चे. आमच्या गावाने ठराव केला, दंड ठरवला, आणि विकणं थांबलं. पोलीस नंतर आले.

ढगफुटी

रानवेल, मळीचा प्रश्न इथे विचारू नका, धागा बंद होईल. 😀

इरई काठ

रानवेल यांनी ग्रामसभेचा विषय काढला ते बरं झालं. पेसात नसलेल्या गावांचं काय, तेही लिहा कुणीतरी. आमच्या बाया विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही.

कोर्टाची पायरी

आलो. आता आडव्या बाटलीचं, म्हणजे दुकान बंद करण्याच्या मतदानाचं सांगतो, कारण या धाग्यात खरा मुद्दा तोच आहे असं मला वाटतं.

२००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी, किंवा एकूण मतदारांपैकी, किमान २५ टक्के लोकांनी सह्यांचं निवेदन उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे द्यायचं. सह्यांची पडताळणी होते. ती टिकली तर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीला पन्नास टक्क्यांहून जास्त मतं मिळाली तर दुकान बंद.

मेख पुढे आहे. पन्नास टक्के कशाचे? झालेल्या मतदानाचे नाही, यादीतल्या एकूण मतदारांचे. समजा गावात हजार महिला मतदार आहेत. पाचशे चाळीस आल्या आणि त्यातल्या चारशे ऐंशींनी आडवी बाटली केली. नव्वद टक्क्यांच्या जवळ कौल गेला तरी दुकान चालूच राहणार. यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली असतात, मयत असतात, ऊसतोडीला गेलेल्या असतात. त्या सगळ्या न येता उभ्या बाटलीला मत देतात. आमदार पडलेल्या मतांत पुढे राहिला की निवडून येतो, दुकान हटवायला मात्र यादीतले निम्मे लागतात.

पडताळणीचा दिवसही असाच. त्या दिवशी बाईने मजुरी बुडवून हजर राहायचं, आणि दुकानवाल्याची माणसं समोर उभी. सह्या केलेल्या बऱ्याच जणी त्या दिवशी येत नाहीत. नवऱ्याने येऊ दिलं नाही असं स्पष्ट सांगणाऱ्याही भेटल्या.

खोडरबर, तुमच्यासाठीही हाच मार्ग. वॉर्ड मोठा असल्यामुळे शहरात तो आणखी कठीण जातो. सोसायटीपुरतं काही होईल का ते बघायचं, तर गाळ्याचा मंजूर वापर आणि शाळा, देऊळ यांपासूनचं अंतर आधी तपासा. अंतर प्रत्यक्ष मोजून घ्या, अहवालातल्या आकड्यावर विसंबू नका.

काउंटरमागचा

अंतराचं वकीलसाहेब बरोबर बोलले. हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१७ मध्ये लागू झाला तेव्हाची गंमत आठवते. छोट्या गावांना २२० मीटर. एप्रिल उजाडला आणि सगळीकडे शटर खाली. आमच्या मालकाने नवीन जागा बघायलाही सुरुवात केली होती. इतर मालक शांत होते. काही दिवसांत कळलं का ते. शहरातून जाणारे राज्य रस्ते पालिकेकडे वर्ग करायचा खटाटोप सुरू झाला. रस्ता तोच, खड्डे तेच, फक्त तो 'महामार्ग' राहिला नाही. पुढे न्यायालयानेच शहरांच्या हद्दीला सूट दिली, तो भाग वेगळा.

सातबारा

चर्चा मी सुरू केली त्यापेक्षा पुष्कळ पुढे गेली. परवान्यापासून सुरुवात केली होती, पण वकीलसाहेबांचा मताधिक्याचा मुद्दा आणि रानवेल यांचा ग्रामसभेचा मुद्दा जास्त वजनाचे आहेत. तरी परवाना मी सोडत नाही, कारण धागा तोच आहे: वरच्याला कायदा विचारत नाही आणि खालच्याला कायद्याशिवाय काही विचारता येत नाही.

एक निवेदन तयार करतोय. उत्पादन शुल्क मंत्री, आयुक्त आणि आपापल्या आमदारांना पाठवायचं. मसुदा असा:

'पिणाऱ्या व्यक्तीसाठीचा परवाना रद्द करावा. वयाची अट आणि सार्वजनिक जागी पिण्यावरची बंदी कायम ठेवावी. दुकान बंद करण्यासाठीच्या मतदानात झालेल्या मतदानाचं बहुमत ग्राह्य धरावं. सह्यांची पडताळणी सुटीच्या दिवशी, गावात आणि महिला अधिकाऱ्यासमोर व्हावी. परवान्याचं स्थलांतर हे नवीन दुकान समजावं आणि त्याला नव्या दुकानाच्या सर्व अटी लागू कराव्यात.'

सुधारणा सुचवा.

माजी लेखनिक

'रद्द करावा' असं लिहू नका, तिथेच फाइल थांबेल. 'नियमांत सुधारणा करण्याबाबत' असा विषय घाला. कायदा बदलायला विधिमंडळ लागतं, नियम बदलायला अधिसूचना पुरते. प्रत्येक मागणीखाली कोणत्या नियमात बदल हवा तो क्रमांक लिहा, नाहीतर 'धोरणात्मक बाब' असा शेरा मारून परत येईल. आणि आयुक्तांना पाठवलेल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

रानवेल

ग्रामसभेचा अधिकार पेसाबाहेरच्या गावांनाही मिळावा, हे घाला.

कोर्टाची पायरी

बहुमताबरोबर किमान मतदानाची अट ठेवा, तीस-पस्तीस टक्के वगैरे. नाहीतर पन्नास जणींनी येऊन दुकान बंद केलं अशी ओरड होईल आणि पहिल्याच रिट याचिकेत आदेश अडकेल. नियमांचे क्रमांक मी काढून देतो, उद्या संध्याकाळपर्यंत.

इरई काठ

किमान मतदानाची अट ठेवायला हरकत नाही, पण मतदान शेतीच्या हंगामात नको, हेही लिहा. गेल्या वेळी आमच्याकडे धान रोवणीच्या दिवसांत ठेवलं होतं. आणि सातबारा दादा, निवेदन मराठीत साध्या भाषेत ठेवा, मला ते गटाच्या बैठकीत वाचून दाखवायचं आहे. शंभरेक सह्या मिळतील.

ढगफुटी

मी सही करतो. परवाना क्रमांक पण टाकू का? तेवढाच उपयोग होईल त्याचा.

सातबारा

टाका. वकीलसाहेबांचे क्रमांक आले की सुधारित मसुदा इथेच चढवतो. खोडरबर, तुमच्या वॉर्डाची मतदार यादी निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. पंचवीस टक्के म्हणजे किती सह्या, ते आधी कळू द्या.